रंगेहाथ

पेपरात आठवड्यातून एकदा तरी ही बातमी असतेच. अमुक कार्यालयातला तमुक कर्मचारी लाच घेताना रंगेहाथ पकडला गेला. आपण बातमी वाचतो, "बरं झालं" म्हणतो आणि पान उलटतो. पण ह्या 'रंगेहाथ' शब्दातला रंग खराखुरा असतो हे किती जणांना माहीत आहे? लाचलुचपतवाले सापळा लावतात तेव्हा नोटांना एक पांढरी पावडर चोळतात. नोटा हातात घेतल्या की ती बोटांना लागते, दिसत मात्र नाही. मग पंचांसमक्ष ते हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले जातात आणि पाणी गुलाबी होतं. ते पाणी बाटलीत भरून, सील करून पुरावा म्हणून ठेवतात.

ती पावडर म्हणजे फिनॉल्फ्थॅलिन. बारावीपर्यंत सायन्स केलेल्या प्रत्येकाने हे नाव निदान एकदा चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं असतं :) १८७१ साली बायर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ती पहिल्यांदा तयार केली. एकेकाळी ती जुलाबाचं औषध म्हणून विकली जायची. (लाच घेणाऱ्यावर दोन्ही परिणाम एकदम होत असतील का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. असो.)

आता प्रश्न असा, की प्रयोगशाळेच्या फळीवर डझनभर रंग बदलणारी औषधं असताना सापळ्यासाठी हीच का? मिथिल ऑरेंज का नाही? एक कारण उघड आहे. मिथिल ऑरेंज मुळातच नारिंगी, नोटा हातात घ्यायच्या आधीच माणूस दचकेल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हाताच्या घामाने, साध्या पाण्याने फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होत नाही. त्याला चांगलं जोरकस अल्कलीच लागतं, आणि सोड्याचं पाणी तसं असतं. म्हणजे उगाच कुणावर आळ येत नाही आणि ज्याच्यावर यायला हवा तो सुटत नाही. कामासाठी योग्य इंडिकेटर निवडणं म्हणजे नेमकं हेच. आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण माझ्या दूध डेअरीतल्या नोकरीत आणि दादाच्या लिंबाच्या बागेत ह्या निवडीने जे करून ठेवलं ते पुस्तकात कधी वाचलं नव्हतं.

ज्यांनी रसायनशास्त्राशी केव्हाच काडीमोड घेतलाय त्यांच्यासाठी थोडी उजळणी. टायट्रेशन (शाळेच्या मराठीत अनुमापन) म्हणजे हिशोब चुकता करणं. एखाद्या पाण्यात आम्ल किती आहे हे बघायचं असेल तर ताकद माहीत असलेलं अल्कली ब्युरेटमध्ये भरायचं आणि थेंब थेंब सोडायचं. जेवढं देणं तेवढं फिटलं की थांबायचं आणि किती मिली लागलं ते वाचायचं. अडचण एवढीच, की आम्लही पाण्यासारखं दिसतं आणि अल्कलीही. देणं फिटलं कधी हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून त्यात दर्शकाचे, म्हणजे इंडिकेटरचे, दोन-तीन थेंब टाकायचे. त्याचा रंग बदलला की तोटी बंद.

तसा हा प्रकार आपल्याला नवीन नाही. हळदीचा डाग साबण लावताच तांबडा होतो हे प्रत्येक घरातल्या बाईने पाहिलेलं असतं. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतात, पूर्वी कुंकूसुद्धा हळदीपासूनच करायचे. तिकडे इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईलने १६६४ साली रंगांवरच्या पुस्तकात जांभळ्या फुलांच्या अर्काचा असाच खेळ नोंदवून ठेवलाय. आपल्या बायका तो रोज धुणं धुताना करत होत्या, फक्त पुस्तक कुणी लिहिलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. इंडिकेटरला टायट्रेशन संपलं हे कळतच नाही! त्याला फक्त आपल्याभोवतीच्या पाण्याचा आंबटपणा-खारटपणा कळतो. त्याचं माप म्हणजे पीएच. हे माप १९०९ साली सोरेनसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने आणलं. प्रत्येक इंडिकेटरचा या पट्टीवर आपला आपला एक तुकडा ठरलेला आहे. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ च्या मध्ये लालचं पिवळं होतं. मिथिल रेड साधारण ४.४ ते ६.२ मध्ये. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू ६ ते ७.६ मध्ये पिवळ्याचं निळं. आणि आपलं फिनॉल्फ्थॅलिन ८.२ ते १० मध्ये बिनरंगाचं गुलाबी. त्या तुकड्याच्या बाहेर काय वाट्टेल ते होवो, त्याला सोयरसुतक नाही.

नगरहून बीडला येणाऱ्या एसटीत झोपलेला एखादा प्रवासी आठवा. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीतल्या आठवणी जुन्या नावानेच येतात.) वाटेत कडा लागतं, मग आष्टी, मग जामखेड. कड्याचा माणूस कडा आलं की बरोबर जागा होतो आणि "चला, आलं!" म्हणून पिशव्या आवरायला लागतो. त्याचं गाव आलेलं असतं, तुमचं नाही. तुम्हाला आष्टीला उतरायचं असेल तर आष्टीचाच माणूस शेजारी बघून बसावं. जामखेडवाल्याच्या भरवशावर राहिलात तर आष्टी मागे पडल्यावर जाग येईल. इंडिकेटर निवडायचा म्हणजे आपलं गाव कोणतं हे आधी माहीत पाहिजे.

आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. आम्ल आणि अल्कली समसमान झाले म्हणजे पीएच ७, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते खरं आहे, पण दोघंही तगडे असतील तरच. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा घ्या. नेहमीच्या ०.१ नॉर्मल ताकदीचे असतील तर शेवटाशी एकदोन थेंबांत पीएच ४ च्या आसपासून थेट १० च्या आसपास उडी मारतो. त्या उडीच्या वाटेत कुठलाही इंडिकेटर उभा करा, पकडतोच. म्हणून कॉलेजातला पहिला प्रयोग कुणाचाच बिघडत नाही आणि सगळ्यांना वाटतं इंडिकेटर कोणताही चालतो.

पण व्हिनेगर घ्या. त्यातलं आम्ल दुबळं. कॉस्टिकने त्याचं देणं पूर्ण फिटतं तेव्हा मागे उरलेलं मीठच थोडं अल्कलीच्या बाजूला झुकलेलं असतं आणि पीएच ८.७ च्या आसपास येतो. इथे फिनॉल्फ्थॅलिन हवं. मिथिल ऑरेंज घेतलं तर अर्धंही काम व्हायच्या आत ते पिवळं होऊन मोकळं. उलट अमोनियासारखं दुबळं अल्कली आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर शेवट ५.३ च्या आसपास, तिथे मिथिल रेड. आणि दोघंही दुबळे असले तर? तर उडीच येत नाही, पीएच बैलगाडीसारखा हळूहळू सरकतो, आणि मग फळीवरची कोणतीही बाटली कामाची नाही.

हे सगळं कोष्टकात चार ओळींत मावतं. पण कोष्टकाच्या बाहेर काय होतं ते सांगते.

मी अकरा वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. सकाळी गाड्या यायच्या, कॅन उतरायचे, आणि शंका आलेल्या प्रत्येक कॅनच्या दुधाची आम्लता बघायची. दहा मिली दूध, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, वरून एन बाय टेन कॉस्टिक. ताज्या चांगल्या दुधाला साधारण दीड ते पावणेदोन मिली लागतं, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या हिशोबात ०.१४-०.१५ टक्के. गंमत अशी, की ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतंच! ते कॉस्टिक खातं कोण? तर दुधातलं केसिन, फॉस्फेट, सायट्रेट, थोडा विरघळलेला वायू. दूध नासायला लागलं की त्यावर खऱ्या आम्लाची भर पडते, आणि ती भरच आपल्याला बघायची असते.

म्हणजे तो ०.१४ चा आकडा दुधाचा जेवढा तेवढाच फिनॉल्फ्थॅलिनचाही. तेच दूध, तेच कॉस्टिक आणि इंडिकेटर ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घेतला तर तो पीएच सातच्या जवळच "झालं" म्हणेल आणि आकडा कितीतरी कमी येईल. मिथिल ऑरेंजचं तर विचारूच नका. दुधाचा पीएच ६.६-६.७, म्हणजे पहिला थेंब पडायच्या आधीच ते पिवळं. दुधाचं दही झालं तरी ते जवळजवळ पिवळंच राहील. त्याच्या मते काही बिघडलेलंच नाही! सगळ्या डेअऱ्यांनी एकच इंडिकेटर धरलाय तो ह्यासाठी, की आकड्याची तुलना आकड्याशी करता यावी.

आणि तो रंग कुठे थांबायचा यालाही किंमत असते. अगदी फिकट गुलाबी, अर्धा मिनिट टिकेल एवढाच. ब्युरेटचे चार थेंब जास्त गेले की ०.०२ टक्के वाढले. काठावरच्या दुधाला तेवढ्याने 'परत' असा शिक्का बसतो. परत गेलेला कॅन म्हणजे एखाद्या घरचं पहाटे चारपासूनचं काम, पेंड, कडबा, सगळं त्या दिवसापुरतं वाया. आष्टी-पाटोद्याकडे शेतात काही पिकलं नाही तरी दुधावर घर चालतं, ते मी माहेरी पाहिलेलं आहे. म्हणून मी शेजारी नेहमी त्याच दुधाची दुसरी वाटी ठेवायची, कॉस्टिक न घातलेली. पांढऱ्यात पहिला गुलाबी कधी आला हे नुसत्या डोळ्याला कळत नाही, शेजारी पांढरं असलं की कळतं. नवीन मुली आल्या की त्यांना पहिला धडा हाच. "गडद झाला की छान दिसतं मॅडम," एक जण म्हणाली होती. छान दिसतं गं, पण ते छान दिसणं कुणाच्या तरी खिशातून जातं.

(दुधात खाण्याचा सोडा घालून आम्लता लपवता येते, हेही सांगून ठेवते. तेव्हा टायट्रेशनचा आकडा एकदम गोंडस येतो. त्यासाठी रोझॉलिक आम्लाची वेगळी चाचणी करतात, सोडा असेल तर दूध गुलाबी-लाल होतं. म्हणजे पुन्हा तेच. वेगळा प्रश्न, वेगळा रंग.)

आता बागेची गोष्ट. दादाची तीन एकर कागदी लिंबाची बाग आहे, बोअरच्या पाण्यावर आणि ठिबकवर. एका उन्हाळ्यात नळ्यांच्या टोकाकडची झाडं पिवळी पडायला लागली. ड्रिपरला पांढरे खडे धरलेले. औषधं-खतं विकणारा एक जण बांधावर आला, ग्लासात बोअरचं पाणी घेतलं, खिशातल्या बाटलीतून दोन थेंब टाकले आणि म्हणाला, "बघा मालक, गुलाबी झालं का? नाही ना? पाण्यात क्षार नाही. झाडाला अन्नद्रव्यं कमी पडायलीत." आणि अन्नद्रव्यांच्या बाटल्या विकून गेला. पुढच्या उन्हाळ्यातही तेच. फक्त वहिनी म्हणत होती, "पाण्यात क्षार नाही तर माझ्या बंबाला थर बसतो तो काय हवेतून येतो?" पण बंबाच्या थराला बाटलीतल्या थेंबांपुढे कोण विचारतो!

दुसऱ्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा सामान बरोबर नेलं होतं. ओट्यावरच ब्युरेट उभी केली. पन्नास मिली बोअरचं पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. रंग नाही. दादा म्हणाला, "बघ, तेच तर तो सांगत होता." मग त्याच पाण्यात मिथिल ऑरेंज टाकलं. पिवळं झालं. वरून एन बाय फिफ्टी गंधकाम्ल सोडत गेले. पाच मिली, दहा मिली, पंधरा.. पिवळं ते पिवळंच. साडेवीस मिलीला पहिली नारिंगी छटा आली. हिशोब केला, लिटरला ४१० मिलिग्रॅम अल्कलिनिटी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे पिणाऱ्याला धोका नव्हता. ड्रिपरच्या बारीक भोकाला मात्र होता.

"मग तो खोटं बोलला का?" दादाने विचारलं.

"खोटं नाही बोलला रे. त्याने पाण्याला विचारलं, तुझ्यात कार्बोनेट आहे का? पाणी नाही म्हणालं. बायकार्बोनेटचं त्याने विचारलंच नाही."

आपल्या बालाघाटाच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं पाणी बहुतेक असंच असतं. पाऊस मातीतून खाली उतरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन जातो, खडकातला कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवतो आणि बायकार्बोनेट होऊन बोअरमध्ये येतो. अशा पाण्याचा पीएच ८.३ च्या खालीच राहतो, म्हणून फिनॉल्फ्थॅलिन त्याच्याकडे बघतही नाही. पण उन्हात तापलेल्या नळीत तो वायू उडून जातो आणि मागे चुनखडी बसते. ड्रिपरमध्ये तीच आणि वहिनीच्या बंबातही तीच. हे सगळं बायकार्बोनेट संपतं ते साधारण साडेचार पीएचला, आणि ते गाव मिथिल ऑरेंजचं आहे. एकच पाणी, दोन इंडिकेटर, एक म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो चारशे दहा. दोघंही खरे.

पुढचं काम दादाने स्वतः केलं. ठिबकला आम्ल देऊन नळ्या धुण्याची रीत आहेच. त्यात आधी बादलीभर मोजलेलं पाणी घेऊन पीएच ४ च्या आसपास येईपर्यंत किती आम्ल लागतं ते बघतात आणि त्या प्रमाणात नळीत सोडतात. म्हणजे बादलीतलं टायट्रेशनच की! (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा. घरातल्या पोरांनी हे वाचून प्रयोग करायला जाऊ नये.) नळ्या मोकळ्या झाल्या, बरीचशी झाडं सावरली. पण टोकाची सतरा झाडं काढावी लागली. आठ वर्षांची झाडं होती, आईच्या हातची. शून्य हे उत्तर ऐकून दोन उन्हाळे गेले त्याची ती किंमत. ते दोन थेंब टाकणाऱ्याला बाटली विकायची होती, म्हणून त्याने जो प्रश्न विचारल्यावर 'नाही' असं उत्तर येतं तोच विचारला, की त्याला दुसरा प्रश्न माहीतच नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. झाडांना त्याने काही फरक पडला नसता.

आणखी एक गोष्ट, जी कोष्टकात कधीच नसते. इंडिकेटर पाण्याला योग्य हवा तसा बघणाऱ्यालाही योग्य हवा. बी.एस्सी.ला माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे मिथिल ऑरेंजचे सगळे आकडे चुकायचे. हुशार पोरगा, पण वर्षभर "हात स्थिर नाही" असं ऐकून घेत होता. त्याला लाल आणि हिरव्याच्या घरातले रंग वेगळे दिसतच नव्हते, लाल काय, नारिंगी काय आणि पिवळं काय. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे बरंच जास्त असतं आणि पुष्कळांना मोठं होईपर्यंत कळतही नाही. आमच्या एका सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी काही न बोलता त्याच्या टेबलावर ब्रोमोफिनॉल ब्ल्यूची बाटली ठेवली. त्याचा तुकडा साधारण तोच, ३ ते ४.६, फक्त रंग पिवळा आणि निळा-जांभळा. पुढच्या तासाला त्याचे तिन्ही आकडे जुळले. हात स्थिरच होता त्याचा.

माझा एक भाचा यंदा कॉलेजात हे सगळं शिकतोय. "आत्या, कशाला कोणता इंडिकेटर ते लिहून पाठव, पाठ करतो," असा त्याचा निरोप आलाय. तर बाळा, पाठ कर, मार्क मिळतील. पण त्याआधी तीन गोष्टी विचारत जा. मला नेमकं काय मोजायचंय? ते संपेल तेव्हा पीएच किती असेल? आणि तिथला रंगबदल मला दिसेल का? तिन्हींची उत्तरं आली की बाटली आपोआप हातात येते. थेंब दोनच टाक, कारण इंडिकेटर स्वतःही दुबळं आम्ल किंवा अल्कली असतो, जास्त टाकलास तर तोच आपला वाटा खातो. फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेव. शेजारी न बदललेला नमुना ठेव.

आणि कुणी ग्लासात दोन थेंब टाकून "बघा, रंग आला नाही" असं म्हणालं, की त्याला शांतपणे विचार, थेंब कशाचे आहेत?